लेओनीने सजवलेलं मढं

हॉशेल्ट, ६ जानेवारी १९४५

ओटिली,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही, मुद्दाम.

तुला वाटेल, अडीच वर्षं तोंड न बघणाऱ्या बाईला आज बहिणीचा पुळका कुठून आला? पुळका-बिळका काही नाही. गावातले सगळे तळघरांत बसलेत, बोलायला कोणी नाही, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही हे तुला ठाऊक आहे. शिवाय हे पत्र तुझ्यापर्यंत येणार तरी कसं? मी नदीच्या अलीकडे, तू पलीकडे, आणि मध्ये दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसलेल्या. म्हणून तर बिनधास्त लिहिते.

सप्टेंबरात अमेरिकन आले तेव्हा आम्ही चर्चसमोर नाचलो होतो. मीसुद्धा नाचले, हो, या गुडघ्यांनी. वाटलं, संपलं एकदाचं. मग नाताळाच्या आधी तुमचे जर्मन लोक बर्फातून पुन्हा आले आणि अमेरिकन माघारी पळाले. आता वारं पुन्हा फिरलंय. तुमचे लोक रोज नदीकडे सरकतायत. पायांना गोणपाट गुंडाळलेले, दाढ्यांत बर्फ अडकलेला. तोफा ओढायला घोडे, आणि घोड्यांना आमचं गवत. रोज सकाळी येतात आणि माझ्या गोठ्यावरच्या माळ्यातून भारे ओढून नेतात. मी म्हणते, थोडं ठेवा, गाय आहे माझी. ते म्हणतात, बाई, गाय तरी किती दिवस राहणार आहे?

माझा फेलिक्स इथे नाही. विचारू नकोस. त्याचा मला काही पत्ता नाही.

आज तीन राजांचा सण, केक करायचा, पण पिठात कोंडाच जास्त. बटाटे उकडले. मोठं भांडं भरून उकडले, सवयीने.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तुमच्या लोकांनी आमचा देश बळकावून फेलिक्सलाही त्यांच्या फौजेत बोलावल्याचा कागद धाडला तेव्हा मी तुझ्या दारात आले होते. तुझ्या नवऱ्याची, रुडोल्फची, भरतीच्या कचेरीत ओळख होती. एक शब्द टाकला असता तर पोराला शेतीवर ठेवलं असतं. तू दार अर्धंच उघडलंस आणि म्हणालीस, "जाऊ दे की. आमचा पोरगा हाइनर नाही गेला?" तुला मी कडेवर घेऊन वाढवलं, ओटिली. कडेवर!

लेओनी

१३ जानेवारी

ओटिली,

मागल्या पत्रात खोटं लिहिलं. हे कागद तुमच्या सैनिकांच्या हाती लागले तर, अशी भीती होती. भीती अजूनही आहे, पण आता खोटं लिहायचंही त्राण राहिलेलं नाही.

फेलिक्स इथेच आहे. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या फौजेतून सुट्टीवर आला तो परत गेलाच नाही. गोठ्यावरच्या माळ्यात, गवताच्या तळाशी मी त्याला भोक करून दिलंय. मोठ्या भांड्यातले बटाटे त्याच्यासाठी होते. आणि ते गवत रोज कमी होतंय. काल मी खालून बघितलं तर मला त्याच्या बुटाचं टोक दिसलं.

परवा शेजारच्या वाडीत एक पोरगा गवतात सापडला. आमच्यासारख्याच घरातला, आमच्यासारखाच पळालेला. कबरस्तानाच्या भिंतीशी उभा करून गोळ्या घातल्या. नंतर मलाच बोलावलं, कारण पंचक्रोशीतली मढी सजवायला मीच जाते; आईने आपल्या दोघींना शिकवलं, पण तू लग्न करून सुटलीस. मी त्याला पुसलं, त्याची हनुवटी बांधली, हातात जपमाळ गुंफली. त्याची आई माझ्याकडे नुसती बघत होती. तिला माहीत आहे माझ्या माळ्यावर कोण आहे. मला तिथे उभं राहवेना.

घरी येऊन फेलिक्सला सांगितलं नाही, पण त्याने बंदुकांचा आवाज ऐकला होता. म्हणतो, "आई, मी रानातून पलीकडे जातो. अमेरिकन टेकडीवर आहेत, आवाज येतोय."

"आणि बर्फात पावलं उमटतील ती कोण पुसणार, मी? केरसुणी घेऊन?"

"मग काय इथेच मरू?"

"मरायचं नाव काढलंस तर मीच थोबाडीत मारीन."

तो हसला. ओटिली, तो हसला की थेट आपल्या बाबांसारखा दिसतो. मला एवढंच हवंय. हा एक जीव जगवायचा. देश राहो, घर राहो, गाय राहो न राहो, मला काही सोयरसुतक नाही.

लेओनी

१९ जानेवारी

ओटिली,

बोटं गारठलीत. अक्षर लागत नसेल तर लावून घे.

काल सकाळी सैनिक दारोदार सांगत गेले: दुपारपर्यंत सगळं गवत बाहेर काढायचं, आणि घरातला प्रत्येक पुरुष नदीपलीकडे यायचा. घरं तपासणार. माळ्यावर गवत उरलं होतं ते एका घोड्यालाही पुरलं नसतं.

माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. मी फेलिक्सला खाली ओढलं आणि म्हटलं, "मर."

"काय?"

"मर म्हणते ना! कपडे काढ."

पुढल्या खोलीत त्याला पलंगावर निजवलं. राहिलेली एक कोंबडी कापली, तिचं रक्त फडक्याला लावून डोक्याला पट्टी बांधली. चेहऱ्याला पीठ आणि राख चोळली, डोळ्यांखाली जास्त. हनुवटी बांधली. हातात जपमाळ. अंगावर माझी चादर टाकली, आईने माझ्या मरणासाठी विणून पेटीत ठेवलेली. उशाशी मेणबत्ती, पवित्र पाण्याची वाटी, त्यात हिरवी डहाळी. आणि मग, बाई गं, माझे हात आपोआप चालायला लागले. तीस वर्षांची सवय. घरात मढं असलं की जे करायचं ते सगळं केलं. शेगडी विझवली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं. घड्याळ थांबवलं. जीव बाहेर जायला खिडकी सताड उघडली. फेलिक्स पडल्या पडल्या कुडकुडत म्हणाला, "आई, थंडी." मी म्हटलं, "मेलेल्याला थंडी नसते, गप्प पड."

मागे सरून पाहिलं तर कुणीही फसेल असं मढं. स्वतःच्या कामावर खूशसुद्धा झाले मी. अशी मूर्ख!

दुपारी दार वाजलं. एक लेफ्टनंट, उत्तरेकडचा, मिसरूडही नीट न फुटलेला. त्याच्यामागे राखाडी मिशांचा एक म्हातारा सार्जंट, पाय ओढत चालणारा.

"हा कोण?"

"माझा मुलगा. सकाळी तोफगोळ्याचा तुकडा लागला, साहेब."

लेफ्टनंट उंबऱ्यातच थांबला. मेलेल्यांचा कंटाळा आला असावा त्याला. आणि तेवढ्यात मला दिसलं. फेलिक्सच्या नाकातून वाफ निघत होती! बारीकशी, पांढरी. पोरगा श्वास कोंडून धरत होता, पण माणूस कोंडणार किती? खोलीत बाहेरच्याइतकीच थंडी, वाटीतल्या पाण्यावरही पापुद्रा आलेला. मीच केलं हे. शेगडी पेटती असती, खिडकी बंद असती, तर कोणाला काय दिसणार होतं? मढी सजवणारी म्हणून मिरवते, आणि जित्याला वाफ येते एवढं कळू नये मला?

सार्जंट पुढे झाला. टोपी काढली. बोटाने वाटीतला बर्फ फोडला, डहाळी बुडवली, फेलिक्सवर पाणी शिंपडलं, छातीवर क्रूस काढला. आपल्यासारखाच. म्हणजे नदीकाठचाच. तो वाकला तेव्हा वाफ त्याच्या मिशांपर्यंत गेली. त्याने वर माझ्याकडे पाहिलं.

मला हात जोडायचंही सुचलं नाही.

मग त्याने टोपीच्या घडीतून अर्धी सिगार काढली, पलंगाच्या कडेला बसला, मेणबत्तीवर ती पेटवली आणि फेलिक्सच्या तोंडावर भसाभस धूर सोडायला लागला.

"सार्जंट!" लेफ्टनंट ओरडला. "मेलेल्या माणसापाशी सिगार ओढता?"

"आमच्याकडे रीत आहे, साहेब. तरणाताठा माणूस गेला की त्याच्या वाटणीचा शेवटचा झुरका दुसऱ्या कोणीतरी ओढायचा. नाहीतर तो मागे लागतो."

"कसले अडाणी लोक आहात तुम्ही!"

"आहोत खरे, साहेब."

अशी रीत आपल्या खोऱ्यात आहे का, ओटिली? तू ऐकलीस कधी? मी तरी नाही.

लेफ्टनंट खोकत म्हणाला, "आटपा आणि या," आणि बाहेर पडला. त्याची पावलं फाटकाबाहेर गेल्यावर सार्जंट आपल्या बोलीत म्हणाला, "बाई, आधी ती खिडकी लावा. श्वास घेणाऱ्या मढ्याला शेगडी लागते."

पलंगावरून आवाज आला, "आई, उठू का?"

"पड रे गाढवा," सार्जंट म्हणाला. "गाव मोकळं होईतो मेलेलाच राहा."

खिडकी लावायला गेले तर ओढ्याकडून धूर येत होता. गिरणी पेटली होती. दोन गोळ्यांचे आवाज आले. सार्जंट माझ्यामागे येऊन उभा राहिला. "आमचेच असणार," म्हणाला, आणि क्रूस काढला. फेलिक्सही कोपरावर उठून बघत होता.

धुराड्यात टांगलेल्या डुकराच्या मांडीचा शेवटचा तुकडा मी सार्जंटला दिला. उभ्याउभ्याच खाल्ला त्याने. त्याचं नाव क्विरिन. निडरहोल्टचा, तुझ्या गावापासून टेकडी ओलांडली की पलीकडे. म्हणाला, "माझी गेर्ट्रूडही मढी सजवते. तिने अशी चूक केली नसती."

"तिच्या पोराला मेल्याचं सोंग घ्यायला लावा, मग बघू," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याचा पोरगा खरंच गेलाय, रशियात. तिथे सजवायलाही कोणी नव्हतं.

जाताना त्याच्या हाताला हात लावला मी.

लेओनी

२३ जानेवारी

ओटिली,

अमेरिकन आले. मला आनंद झाला नाही, कारण काय ते वाच.

बायकांच्या चादरी अंगावर पांघरून आले ते, बर्फात दिसू नये म्हणून. एकाच्या पाठीवर कोण्या बाईने लाल दोऱ्याने भरलेली अक्षरं होती. चेहरे काळेठिक्कर, डोळे खोल गेलेले. टेकडीवर त्यांची बरीच माणसं पडली, काही तर शरण गेल्यावर मारलेली सापडली म्हणतात. तेही तुमच्या लोकांइतकेच गारठलेले आणि चिडलेले होते.

सगळ्यांना चर्चसमोर बोलावलं. त्यांच्यातल्या एकाला जर्मन येत होतं, त्याच्या आजीकडून शिकलेलं, मोडकंतोडकं. त्याने सांगितलं, ज्याने ज्याने जर्मन गणवेश घातलाय त्याने पुढे यावं. लपला आणि मागून कळलं तर शत्रू समजू. गावाने फेलिक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे बुटांकडे बघत राहिले. देव भलं करो त्यांचं, त्या घटकेपुरतं.

मग कैदी आणले. सात-आठ जण, आणि शेवटी क्विरिन. पाय सुजून एवढा झालेला. त्याला मागे टाकून गेले होते त्याचे.

तेवढ्यात ग्रेगोर शोल्टेस पुढे धावला. गिरणीवाला मातियास त्याचा भाऊ. गिरणीच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या होत्या. ग्रेगोरने शेतापलीकडून पाहिलं होतं.

"हाच! राखाडी मिशांचा! यानेच मारला माझ्या भावाला!"

त्यांच्या कॅप्टनने क्विरिनकडे पाहिलं, आणि दोन शिपायांना मानेने चर्चच्या भिंतीमागची वाट दाखवली. त्याचा अर्थ तिथल्या पोराटोरांनाही कळला. क्विरिनने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. त्याने तोंड उघडलं असतं तर फेलिक्स उघडा पडला असता.

मी ओरडले, "खोटं आहे! गिरणी जळत होती तेव्हा हा माझ्या घरात होता!"

ग्रेगोर गर्रकन वळला. "हिचं काय ऐकता? हिची बहीण पलीकडे दिलीय! मेहुण्याची त्यांच्या कचेरीत ऊठबस, भाचा त्यांच्या फौजेत! ही दुसरं काय बोलणार?"

त्या आजीवाल्या शिपायाने मला विचारलं, "बहीण आहे पलीकडे?"

"आहे."

"हा तुमच्या घरात काय करत होता?"

काय सांगू? मढ्यासाठी प्रार्थना करत होता? कोणाच्या मढ्यासाठी? मढं तर माझ्या शेजारी उभं होतं. मी म्हटलं, "मांस मागायला आला होता." मागून कोणीतरी म्हणालं, "दिलंही असेल हिने, ताटात वाढून!" आणि लोक हसले. माझ्या गावचे लोक, ज्यांच्या आईबापांना मी शेवटची आंघोळ घातली ते. तुझ्यामुळे माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती, ओटिली. खरं सांगते, मी गप्पच बसणार होते. त्यांनी क्विरिनला दंडाला धरून चालवलं, आणि मी फेलिक्सचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं, इतकं की माझी नखं रुतली.

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. रागाने नव्हे. हळूच.

"थांबा," तो म्हणाला. "मी जर्मन फौजेतला. पळून आलेला. त्या दिवशी आईने मला मेलेलं म्हणून निजवलं होतं. या माणसाला कळलं होतं, पण तो बोलला नाही. गिरणीचा धूर आम्ही तिघांनी एकाच खिडकीतून पाहिला. गोळ्यांचे आवाजही तिथेच ऐकले."

कॅप्टनने दोघांना वेगवेगळं विचारलं. खोलीत काय होतं, कुठली खिडकी, सार्जंटच्या तोंडात काय होतं. दोघांनीही सिगार सांगितली. ग्रेगोर पांढराफटक पडला. क्विरिनला रांगेत परत उभं केलं.

आणि मग फेलिक्सलाही.

मी कॅप्टनच्या बुटांवर पडले. कसली लाज आणि कसलं काय! तो आजीवाला मला उठवत म्हणाला, "मावशी, कागद तपासतील. सोडतील."

"कधी?"

"लढाई संपली की."

"ती कधी संपणार?"

त्याला ते जर्मनमध्येच काय, कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

क्विरिन फेलिक्सवर खेकसत होता, "अरे बैला, मेलेलं राहायला काय धाड भरली होती तुला?" आणि फेलिक्स हसला. त्याने म्हाताऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला ट्रकवर चढवलं, मग स्वतः चढला. मला हात करत होता. मी नाही केला. रागाने माझं डोकं फिरलं होतं.

ग्रेगोर टोपी हातात घेऊन आला. "लेओनी, मला लांबून नीट दिसलं नव्हतं..."

मी त्याच्या तोंडावर थुंकले.

लेओनी

२ फेब्रुवारी

ओटिली,

काही बातमी नाही. कोणी म्हणतं त्यांना फ्रान्समध्ये नेलं, उघड्यावर तंबूत ठेवलंय, कैदी रोज थंडीने आणि हगवणीने मरतायत. कोणी म्हणतं बरं आहे तिथे. फादर तीनदा चौकशीला गेले. फेलिक्स तिथे जर्मनांतच मोजला जातो. ज्यांच्यातून जीव मुठीत धरून पळाला त्यांच्यातच.

आज मेणबत्त्यांचा सण. गावातली पोरं दिवे घेऊन दारोदार गात गेली. मी दार उघडलं नाही. ग्रेगोर रोज फाटकाशी लाकडं आणून टाकतो. पहिल्या दिवशी मी ती रस्त्यावर फेकली. आता जाळते.

लोक मला सांगतात, तुझ्या पोराने केवढं मोठं काम केलं. मी म्हणते, घाला चुलीत तुमचं मोठं काम. मला चांगला मुलगा नको होता, मला जिवंत मुलगा हवा होता. रात्रंदिवस तेवढंच मागितलं मी. आणि तरी खोटं कशाला बोलू, त्याने तो माणूस भिंतीमागे जाऊ दिला असता तर त्याच्यापुढे बटाट्याची थाळी ठेवताना माझा हात कसा चालला असता, तेही मला कळत नाही. दोन्ही बाजूंनी मी मेलेच.

आता कामाचं बोलते. फादर म्हणतात, तुमच्या बाजूची गावंही लवकरच अमेरिकनांच्या ताब्यात येतील, मग हे सगळे कागद कोणाच्या तरी हाती तुला पाठवता येतील. मिळाले की त्याच दिवशी टेकडी ओलांडून निडरहोल्टला जा. गुडघे दुखतात म्हणू नकोस. गेर्ट्रूडला शोध, मढी सजवते ती. तिला सांग, तुझा नवरा जिवंत आहे, निदान २३ जानेवारीला होता. पाय सुजलाय, पण एक तरणा पोरगा त्याला धरून आहे. तो पोरगा कोण, हे सांग. तिच्या नवऱ्यापायी तो कैदेत आहे, हेही सांग. तिला काही पत्र आलं असेल, छावणीचं नाव कळलं असेल, तर मला कळव. मला इथे कोणी काही सांगत नाही. पलीकडच्या त्या बाईवाचून आणि तुझ्यावाचून मला विचारायला जगात कोणी उरलं नाही.

हाइनर कुठे आहे? मी त्याच्यासाठीही मेणबत्ती लावली. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

मला लिही, ओटिली. दार अर्धंच उघड हवं तर. शिव्या घाल, पण लिही.

तुझी बहीण
लेओनी